फर्स्ट क्लास डोळे

फलक रेल्वेची परीक्षा पास झाली तेव्हा ईद लांब असतानाही रोशनबीने घोरावाडी स्टेशनजवळच्या आपल्या चाळीत घरोघर शिरखुर्मा वाटला होता. सहायक लोको पायलट! इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी आपली पोरगी बसणार, ही गोष्ट तिने भाजीवालीपासून मशिदीतल्या मौलानांच्या बायकोपर्यंत सगळ्यांना सांगितली होती. आणि मग फलक मेडिकलला नापास झाली. कान, छाती, रक्त सगळं ठीक होतं. रंगीत ठिपक्यांच्या चित्रांत लपलेले आकडे मात्र तिला दिसेनात.

"मशीन बिघडलं असेल," रोशनबी म्हणाली.

"मशीन नसतं अम्मी, पुस्तक असतं," फलक म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली. दोन दिवस ती धड जेवली नाही.

शेवटी लोणावळ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरलं. फलकचा बाप नसीर म्हणाला, मला ड्यूटी आहे, तुम्ही जाऊन या. म्हणून त्याचा धाकटा भाऊ इर्शाद आपली व्हॅन घेऊन आला. इर्शाद पर्यटकांना टायगर पॉइंट आणि कार्ले दाखवून आणायचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण मनात आलेलं त्याच्या पोटात राहत नसे.

डॉक्टरीणबाईंनी फलकला निवांत तपासलं. मग कागदावर दोन वर्तुळं काढली.

"हा आजार नाही," त्या म्हणाल्या. "जन्मापासून असतं. लाल आणि हिरवा हिला वेगवेगळे दिसत नाहीत. आईवडिलांकडून मुलांना जे गुण मिळतात ना, तसंच हेही मिळतं. हा दोष एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. मुलाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यात दोष असला की मुलाला रंग दिसत नाहीत. म्हणून पुरुषांत हे पुष्कळ दिसतं. मुलीकडे दोन एक्स असतात. एक आईचा, एक वडिलांचा. एक चांगला असला तरी तिचं भागतं. दोन्ही सदोष असतील तरच असं होतं."

"म्हणजे माझ्याकडूनही आलं?" रोशनबीने विचारलं.

"हो. तुम्हाला स्वतःला काही त्रास नसेल, पण तुमच्याकडून आलंय. तुमच्या वडिलांना वगैरे होतं का?"

रोशनबीला आठवलं. कार्ल्याच्या फाट्यावर तिच्या अब्बांची फळांची गाडी होती, आणि कच्च्या टोमॅटोतून पिकलेले निवडायला ते नेहमी अम्मीला हाक मारायचे. "होतं," ती म्हणाली. तिला थोडं वाईट वाटलं, थोडं हलकंही वाटलं. जे आहे ते आहे.

"आणि हिच्या वडिलांना तर आहेच," डॉक्टरीणबाई सहज बोलल्या. "पुरुषाकडे एकच एक्स असतो, तोच तो मुलीला देतो. त्यांना दिसत असते तर हिलाही दिसले असते."

इर्शाद दाराशी उभा होता. त्याने मान वर केली.

"पण भाईचे डोळे तर चांगले आहेत," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग रोशनबीकडे, आणि कागद घडी करून बाजूला ठेवला. "त्यांना एकदा घेऊन या," एवढंच त्या म्हणाल्या.

नसीरचे डोळे! सगळ्या खानदानाला ते माहीत होते. तळेगावच्या एका कंपनीत तो इलेक्ट्रिशियन होता. सव्वीस वर्षं दर वर्षी कंपनीत तपासणी व्हायची आणि दर वर्षी घरी येऊन तो म्हणायचा, "साखर नाही, बीपी नाही, डोळे फर्स्ट क्लास." लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा त्याच्या अम्मीने हे सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये इर्शादने एरवी लागलेली असायची ती गाणी लावली नाहीत. कामशेतच्या पुढे आल्यावर रोशनबीच्या लक्षात आलं की मघापासून फलक खिडकीबाहेर न बघता आपल्याकडे बघते आहे.

संध्याकाळी इर्शाद बायकोला, तमन्नाला घेऊन आला. तोवर रोशनबीने नसीरला डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं होतं. चहा आला. मग इर्शादने फोन काढून नसीरच्या पुढ्यात धरला.

"भाई, जरा गंमत बघ. यातले आकडे सांग."

नसीरने रोशनबीकडे पाहिलं नाही. वाचायचा चष्मा नाकावर सारला आणि म्हणाला, "दाखव."

"बारा," तो म्हणाला. इर्शादचं बोट सरकलं. "आठ. सहा. एकोणतीस. सत्तावन्न. पाच. तीन. पंधरा. चौऱ्याहत्तर." कुठे अडखळणं नाही. फलक बापाच्या खांद्यावरून बघत होती. तिला चौऱ्याहत्तरच्या जागी एकवीस दिसत होते. बाकीच्या चित्रांपैकी काहींत तर नुसते ठिपकेच.

"सगळे बरोबर," इर्शाद हळूच म्हणाला. त्याने फोन खिशात ठेवला. बाहेर रुळांवरून गेलेली मालगाडी सगळ्यांनी शेवटच्या डब्यापर्यंत ऐकली.

तमन्नाने तोंड उघडलं. "भाभी, फलकच्या जन्माआधी तुम्ही लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जात होतात ना? गोरखशेठच्या?"

"हो. मग?"

"काही नाही. आठवलं म्हणून विचारलं."

रोशनबीने नसीरकडे पाहिलं. आता हा उठेल, भावाला दाराबाहेर काढेल, असं तिला वाटलं. नसीर बशीतला चहा फुंकत होता.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

कुठल्या जुन्या गोष्टी? तिला ओरडून विचारावंसं वाटलं. पण ती उठून ओट्याकडे गेली.

पाहुणे गेल्यावर ती त्याच्यासमोर बसली. "तुम्हाला पण तसंच वाटतं?"

नसीरने तिच्या हातावर हात ठेवला. "हे बघ रोशन. मी तुला काही बोललो का? फलक माझीच लेक आहे. मी मनात काही धरत नाही. तूही सोडून दे."

तो तिला माफ करत होता. न केलेल्या गुन्ह्याची माफी, अगदी मायेने. तिने हात काढून घेतला.

चार दिवसांत चाळीतल्या बायकांची बोलणी ती आली की थांबू लागली. रोशनबीकडे ब्लाउज शिवायला टाकलेल्या दोघीतिघी "घाई आहे हो" म्हणत कापड परत घेऊन गेल्या. हे तिने सोसलं असतं. पण एका दुपारी फलक शिलाई मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"अम्मी, मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. मी कुणाची आहे?"

रोशनबीचं पाऊल पेडलवरच थांबलं. बावीस वर्षांची लेक. तिला ताप आला तर रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलेली ही आई, आणि तिलाच लेक हे विचारत होती.

"तुझ्या बापाची," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची असतीस तर आज मी तोंड वर करून बसले असते का?"

फलकने मान हलवली, पण ती मान पटल्याची नव्हती.

त्या दुपारी रोशनबीने मशीन बंद केलं आणि डोकं शांत ठेवून विचार करायला बसली. आपण काय केलं नाही हे फक्त आपल्याला माहीत आहे. मग डॉक्टरीणबाई चुकल्या, नाहीतर नसीर खोटं बोलतो आहे. पण त्याने आकडे वाचले ते तर सगळ्यांसमोर. तिने ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. इर्शादचं बोट, फोन, नसीरचा आवाज. आणि एक गोष्ट तिला खटकली. मध्ये एकदा नेट अडकलं होतं. बोट सरकलं, पण चित्र बदललं नव्हतं. एकोणतीसच दिसत होतं, तिने स्वतः पाहिलं होतं. आणि नसीर म्हणाला होता, सत्तावन्न. चित्र यायच्या आत.

मग दुसऱ्याही गोष्टी आठवू लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने एकदाही तिच्यासाठी साडी एकट्याने आणली नव्हती. भाजी आणायला तो जात नसे. "ते बायकांचं काम," म्हणायचा. फलकच्या शाळेतून चित्रकलेची वही आली होती, झाडं तपकिरी आणि कौलं हिरवी. बाईंनी लाल शेरा मारला होता. रोशनबी हसली होती. नसीर वही न्याहाळून म्हणाला होता, "यात चुकलंय काय?"

दुसऱ्या दिवशी तिने लोकल पकडली आणि मळवलीला उतरली. कार्ल्याच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीत शिदू राहायचा. कंपनीत पहिल्यापासून नसीरच्या जोडीला तोच होता, गेल्या वर्षी निवृत्त झालेला. त्याची बायको सावित्राबाई अंगणात भात वाळत घालत होती.

"या वैनी, बसा. ह्ये घरातच हाईत," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

शिदू बाहेर आला तो रोशनबीला बघून दारातच थबकला. ती उगीच इकडचं तिकडचं बोलली नाही.

"शिदूभाऊ, एकच विचारते. त्यांना रंग दिसतात का?"

"वैनी, मला काय इचारू नका."

"चाळीत मला नावं ठेवतात. माझी पोरगी मला विचारते, मी कुणाची."

शिदू खाली बसला. हातातल्या टॉवेलला पीळ देत राहिला. सावित्राबाई तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बोला की आता. बाईच्या अब्रूचा सवाल हाय."

"न्हाई दिसत," शिदू म्हणाला. "लाल-हिरवं त्याला सारकंच. वायर मी सांगायचो, हातानं काम त्यो करायचा. हुशार हाय लय, हात सोन्याचा. आता तारांवर नंबर असत्यात म्हून चालतंय. तपासणीचं पुस्तक दर साली त्येच, पानं बी त्याच वळीनं. त्यानं पाठ केलतं. मीच म्हणून घ्यायचो त्याच्याकडनं, जेवायच्या सुट्टीत."

रोशनबीच्या छातीवरचं ओझं सरकलं. क्षणभर तिला हसू फुटेल असं वाटलं. तेवढ्यात शिदू पुढे बोलला.

"परवा आलता हितं. म्हनला, रोशनबी यील. आली तर तुला काय ठाव न्हाई म्हन. माझी नोकरीची दोन वर्सं ऱ्हायलीत, म्हनला. मी हो म्हनलो वैनी. पर झोप न्हाई मला तवापासनं."

ओझं सरकलं होतं त्या जागी आता काहीतरी गार शिरलं. म्हणजे घाबरून तोंडून निघून गेलेलं ते खोटं नव्हतं. तो विचार करून, लोकलचं तिकीट काढून, डोंगराखालपर्यंत चालत आला होता. बायको निर्दोष आहे हे सिद्ध होण्याची एकच वाट होती, आणि ती बुजवायला तो तिच्याआधी येऊन गेला होता.

नसीर कामावरून आला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती. फलक आत अभ्यासाची पुस्तकं रद्दीसाठी बांधत होती.

"शिदूभाऊंकडे जाऊन आले," रोशनबी म्हणाली.

नसीर डबा ठेवता ठेवता थांबला. नाही म्हणावं का, हे त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलेलं तिने पाहिलं. मग तो पाटावर बसला.

"नोकरी गेली असती, रोशन. कळलं तर इतक्या वर्षांचं खोटं बाहेर आलं असतं. रिटायर झालो की सांगणारच होतो सगळ्यांना."

"दोन वर्षांनी?"

"हो."

"आणि तोवर मी काय म्हणून राहायचं या घरात?"

"मी तुला काही बोललो का? दुसरा असता तर घराबाहेर काढली असती. मी तर सांभाळून घेतलं."

"तुम्ही मला माफ केलंत," रोशनबी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझा हात धरून माफ केलंत. माझा काही गुन्हा नाही हे जगात दोघांनाच पक्कं माहीत होतं. एक मी आणि एक तुम्ही."

आतली खुडबूड थांबली होती. फलक दारात आली. तिने आपला फोन काढला, चित्रांची ओळ उलटीपालटी केली आणि बापापुढे धरला.

"अब्बा, हे काय आहे?"

नसीर बघत राहिला.

"मलाही काही दिसत नाही यात," फलक म्हणाली. "आणि हे?"

"एकवीस," तो अखेर पुटपुटला.

"हो. मलाही एकवीसच." तिचे डोळे भरून आले. "तीन वर्षं मी तुमच्यासमोर या नोकरीचा अभ्यास केला. एकदा तरी म्हणायचं, पोरी, आधी डोळे तपासून घे."

"तुझ्यात उतरेल हे मला काय ठाऊक!" तो म्हणाला, आणि हे बहुधा खरं होतं. पण त्या खोलीत त्याच्या खऱ्याला आता किंमत उरली नव्हती.

फलकनेच काकाला फोन केला. इर्शाद आणि तमन्ना आले, आणि नसीरला त्यांच्यासमोर सगळं बोलावं लागलं. तो जमिनीकडे बघत बोलला. इर्शाद उठून रोशनबीच्या पायांशी वाकला. "भाभी, माझी जीभ झडो," म्हणाला. तमन्ना पदराने नाक पुसत राहिली. रोशनबीने त्यांना चहा दिला. दोघांवर तिचा तसा राग नव्हता. जे दिसलं त्यावर ते बोलले होते.

पुढच्या आठवड्यात नसीरने कंपनीत जाऊन स्वतःच सांगितलं. कदाचित इर्शादच्या पोटात राहणार नाही हे त्याला ठाऊक होतं म्हणून. नोकरी गेली नाही. त्याला वायरिंगवरून काढून स्टोअरला बसवलं. म्हणजे ज्या भीतीपायी त्याने बायकोला पणाला लावलं, ती भीतीही पुरती खरी निघाली नाही. हे कळलं त्या दिवशी रोशनबी पहिल्यांदा रडली.

महिना संपताना तिने शिलाई मशीनचं डोकं खोक्यात भरलं. लोणावळ्याच्या बाजारात तिच्या मावसबहिणीची ब्लाउजपीसच्या दुकानाचा गाळा होता, वर एक खोली होती. नसीर उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"चूक झाली म्हणालो ना. अजून काय करू?"

"काही नका करू," ती म्हणाली. "मला रोज तुमच्या तोंडाकडे बघून ताडावं लागतंय, आत्ता हे खरं बोलतायत का. तो त्रास मला नको."

तो बाजूला झाला.

घोरावाडीच्या फलाटावर फलकने खोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. ती आईबरोबर चालली होती. लोणावळ्यात बँकेच्या परीक्षेचा क्लास तिने शोधला होता. गाडीला वेळ होता.

"अम्मी," ती म्हणाली, "मी पण तुला विचारलं होतं ना. मी कुणाची म्हणून. मला का नेतेस मग?"

"तुला माहीत नव्हतं, म्हणून तू विचारलंस," रोशनबी म्हणाली.

गाडी आली. दोघींनी मिळून खोकं उचललं आणि आत चढल्या.