आपासाठी बंद ठेवलेला गॅस

माझ्या सासूबाईंची, अम्मींची, मोठी बहीण आपा कराचीत वारल्या. सकाळी दुबईच्या मामेभावाचा फोन आला आणि एहसाननं, माझ्या नवऱ्यानं, आधी दार लोटून घेतलं. चाकणच्या नव्या नोकरीसाठी त्याची पोलीस पडताळणी व्हायची होती. कुठली बहीण, कुठं असायची, असं कुणी विचारलं तर? रडायचं ते आतल्या खोलीत रडा, म्हणाला. आणि स्वतःच भिंतीकडं तोंड करून बसला.

आपा लग्न होऊन तिकडं गेलेल्या. फोनवर दोघी रत्नागिरीकडच्याच बोलीत बोलायच्या. इकडं शेजारी नीट वागवतात का, ही आपांना काळजी. तिकडं पीठ तरी मिळतं का, ही अम्मींना. मग दोघी एकमेकींना आपापलं ताट दाखवायच्या. सरहद्दीवर तणाव वाढला तेव्हा एहसाननं तो नंबरच काढून टाकला.

अम्मींनी एकच मागितलं. "मयताच्या घरात चूल पेटत नाही, सादिका. आज गॅस बंद राहू दे. एवढं तर कुणाला दिसायचं नाही."

मी मान हलवली. माझी लेक इरम अंगावर पीत होती. तिचं काही अडणार नव्हतं.

पण कुकरची शिट्टी झाली नाही म्हणून दुपारी शेजारच्या चिमाबाई डोकावल्या. अम्मींचे डोळे सुजलेले. अम्मी घाईनं म्हणाल्या, गॅस संपलाय.

"त्यापायी रडतीस व्हय गं?" चिमाबाई हसल्या आणि आल्या पावली परत गेल्या. थोड्या वेळात त्यांचे मालक, खंडूभाऊ, खांद्यावर भरलेली टाकी घेऊन दारात. मागून चिमाबाई.

"लेकुरवाळं घर हाय. उपाशी ठिवू का आमी? त्या पाकिस्तानवाल्यांगत दगडाचं काळीज न्हाई आमचं."

एहसाननं आमची भरलेली टाकी रिकामी असल्यासारखी एका हातानं ओढून काढली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. चिमाबाईंनी स्वतः काडी ओढली, चहा केला, पहिला कप अम्मींना दिला.

"पी, जमिला. गरम हाय तवर."

अम्मी जाळाकडं बघत राहिल्या. इरम रांगत त्यांच्या मांडीवर चढली. चिमाबाई अगदी समोर बसलेल्या, त्यामुळं अम्मींना पदरसुद्धा तोंडाला लावता येईना. त्यांनी कप संपवला.

"झकास झालाय, चिमाक्का," म्हणाल्या. "साखर अगदी बेताची."