शेजारच्या ओसरीवरचं वाचन

"या पोरीसमोर पुस्तक ठेवलं का हिले झोप येते! काय करू मी इच्यापुढं?"

मूल गावच्या भागीरथाबाई हे रोज कोणाला ना कोणाला ऐकवत. अशी तक्रार तुमच्या-आमच्या घरांतही काही कमी नाही. पण भागीरथाबाईंच्या तक्रारीच्या तळाशी वेगळंच दुखणं होतं.

त्यांचे यजमान भैयाजी धानाच्या गिरणीचे मालक. घरात कशाची वाण नव्हती. लेक चंदा मुलींच्या शाळेत तिसरीत होती, आणि तिच्याच वर्गात होती शेजारच्या मुश्ताक शिंप्याची नजमा. शाळेच्या संमेलनात नजमानं पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. मोहाच्या झाडावर अडकलेल्या अस्वलाचा आवाज तिनं असा काही काढला, की बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मग चंदा उभी राहिली. दोन ओळी वाचून तिची जीभ अडखळली आणि ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

"हाजराबाई, पोरीनं नाव काढलं वं तुमचं!" घरी परतताना बाया नजमाच्या आईला म्हणत होत्या. मागून चालणाऱ्या भागीरथाबाईंना त्यातला शब्द न् शब्द काट्यासारखा रुतत होता. शिंप्याची पोर पुढे आणि गिरणीवाल्याची मागे?

भैयाजी गिरणीच्या कामानं नागपूरला निघाले, तेव्हा भागीरथाबाईंनी त्यांना बजावलं, "दुकानात असंल थे सगळ्यात मोठं पुस्तक आणा. हाजराबाईच्या घरी नसंल असं!"

भैयाजींनी आणलंही. थोरामोठ्यांच्या बोधवचनांचे जाडजूड ग्रंथ, पाठीवर सोनेरी अक्षरं. रोज दुपारी भागीरथाबाई चंदाला त्यांच्यापुढे बसवू लागल्या. पान पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही! एकदा चंदानं विचारलं, "आई, विवेक म्हणजे काय?" भागीरथाबाईंनाही ते नीटसं सांगता येईना. "वाच मुकाट्यानं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे चंदा शाळा सुटल्यावर उशिरा घरी येऊ लागली. एके दिवशी भागीरथाबाई तिला शोधायला निघाल्या आणि हाजराबाईंच्या कुंपणाच्या कुडापाशीच थबकल्या. ओसरीवर मुश्ताकभाई मशीन चालवत होते. हाजराबाई सदऱ्याला बटणं लावत होत्या. त्यांच्या गुडघ्याला टेकून, हातात एक पातळ पुस्तक घेऊन चंदा वाचत होती. न अडखळता वाचत होती!

"मंग? मंग काय झालं वं अस्वलाचं?" हाजराबाईंनी विचारलं.

"थांबा ना मावशी, सांगून राह्यली ना!" चंदा खुदखुदली.

दुसरी कोणी आई असती तर तिला आनंद झाला असता. भागीरथाबाईंच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. माझी पोरगी हसते ती दुसरीच्या ओसरीवर? टेकते ती दुसरीच्या गुडघ्याला? त्यांनी तरातरा जाऊन चंदाचा हात धरला, पुस्तक हिसकावलं, आणि घरी येताच ते पेटत्या चुलीत घातलं.

चंदा रडली नाही. जळती पानं बघत एवढंच म्हणाली, "थे आमच्या बाईंचं होतं."

त्यानंतर तिनं पुस्तकाला हात लावला नाही. शाळेत वाचायला उभं केलं तरी तोंड उघडेना.

वच्छलाबाई या तिच्या शिक्षिका. स्वतःच्या पेटीतली पुस्तकं त्या मुलींना घरी वाचायला देत. पुस्तक हरवलं तर वर्षभर दुसरं द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. हाजराबाईंनी त्यांना सांगितलं, "पुस्तक माझ्या घरून गहाळ झालं बाई. माफी करा." नजमाची पुस्तकं बंद झाली.

विहिरीवर हे कानी आलं, तेव्हा भागीरथाबाईंच्या काळजाला गारवा वाटला. खोटं कशाला सांगावं? 'बरी जिरली!' असंच त्यांच्या मनात आलं. पण तो गारवा टिकला नाही. शेजारची ओसरी मुकी झाली होती आणि आपल्या घरात चंदा भिंतीला टेकून नुसती बसून असायची.

शेवटी वच्छलाबाई स्वतः घरी आल्या. "भागीरथाबाई, चंदाला झालं तरी काय? अलीकडे ती नजमापेक्षाही चांगलं वाचायला लागली होती!"

नजमापेक्षाही! ज्या एका शब्दासाठी जीव टाकला, तो असा ऐकायला मिळाला! भागीरथाबाईंना रडू फुटलं. "बाई, पुस्तक हरवलं नाई. मी जाळलं थे. माह्याच हातानं!"

वच्छलाबाई उठल्या. मग त्यांनी भागीरथाबाईंना सोबत घेतलं आणि दोघी शेजारी गेल्या.

"हाजराबाई, माहं नाव काऊन सांगतलं नाई तुम्ही?" भागीरथाबाईंनी विचारलं.

हाजराबाईंनी सुई बाजूला ठेवली. "राग तर लय आला होता, बाई. पण पोरीच्या मायले साऱ्या शाळेत बदनाम केलं, तर पुस्तक पाह्यलं का त्या पोरीले तेच याद येईल. मंग ती जिंदगीत वाचंल काय?"

भागीरथाबाईंची मान खाली गेली. आपल्या लेकीचा एवढा विचार आपण केला नव्हता, तो हिनं केला!

"माहं चुकलं, हाजराबाई," त्या म्हणाल्या. मग वच्छलाबाईंकडे वळल्या. "मी तर सगळ्यात मोठी पुस्तकं आणली होती, बाई."

"तिथंच तर चुकलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "पुस्तकाची जाडी कशाला बघायची? आपलं मूल बघावं. ते कशानं हसतं, काय काय विचारत बसतं! दोन पानं त्यालाच वाचू द्या. डोळे चमकले तर ते पुस्तक त्याचं. चंदा नजमाच्या पुढं जावी म्हणून तुम्ही वाचायला लावत होता. पोरीला ते कळतं हो! तुम्ही स्वतः कधी तिच्यासोबत वाचायला बसलात?"

"चौथी शिकली मी. लग्न झाल्यावर अक्षर नाई पाह्यलं."

"मग आता पाहा!"

दुसऱ्याच दिवशी वच्छलाबाईंनी दोन्ही मुलींपुढे आपली पेटी उघडली. चंदा कितीतरी वेळ नुसती उभी होती. अखेर तिनं पाणमांजराच्या गोष्टीचं एक पुस्तक हळूच उचललं. संध्याकाळी भागीरथाबाई तिच्याजवळ बसल्या आणि अक्षरं जुळवत वाचू लागल्या. एका जोडाक्षराशी त्या अडल्या. चंदा गप्पच होती. त्या पुन्हा अडल्या, तेव्हा मात्र तिला राहवेना. "तसं नाई आई! 'पात्र' हाय थे. नदीचं पात्र!" किती दिवसांनी पोरीचं तोंड उघडलं होतं!

नजमाचं कौतुक झालं की भागीरथाबाईंच्या मनात पुढेही कधीकधी कळ उठे. पण आता त्या ती ओळखत, आणि मुद्दाम हाजराबाईंकडे जाऊन विचारत, "नजमा सध्या काय वाचून राह्यली? आमच्या चंदीलेबी आवडंल काय?"

आई-बापांनो, दुसऱ्याच्या लेकराला हरवण्यासाठी आपल्या लेकराच्या हातात पुस्तक देऊ नका. त्याच्या वयाचं, त्याच्या आवडीचं पुस्तक त्यालाच निवडू द्या, आणि 'मग पुढं काय झालं?' असं विचारत त्याच्याजवळ बसा. वाचनाची गोडी धाकानं लागत नाही. ती जवळ बसण्यानं लागते!