गुडघ्याची चटणी

यंदा केशरआजी उळवीच्या जत्रेला पायी पोचली. म्हणजे, न्हाई पोचली. तिच्या लेकानं, नागेशनं, "आये चालत पोचली तर मिशी काढीन," असं अख्ख्या गावासमोर सांगितलं होतं आणि मिशी अजून जागेवर आहे. तेव्हा ती पोचली नाही, असंच धरून पुढं सांगायचं.

आजीचा उजवा गुडघा आतून ठसठसायचा. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आराम. नागेशनं लगेच जीप ठरवली. गेल्या साली ती जीपनंच गेली होती, तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून; उतरवणाऱ्यानं पोत्यांच्या ओघात तिलाही खांद्यावर घेतलं. यंदा पुन्हा बसलो तर ही माणसं आपल्याला कायमचीच बसवून ठेवणार, हे तिनं ओळखलं होतं.

म्हणून जत्रेला निघायच्या सकाळी तिनं आंब्यावरचं हुमल्यांचं घरटं पाडलं. हुमले म्हणजे तांबड्या मुंग्या. वाटून तेलातून चोळल्या की कातडीला अशी आग लागते की आतली ठसठस लाजून गप्प बसते. मुंग्या पाट्यावर वाटून आजी तेल आणायला आत गेली.

तेवढ्यात सून रक्षिता आली. आमच्या जोयड्यात हुमल्यांची चटणी घरोघरी खातात; तेव्हा वाटलेले हुमले दिसल्यावर इथली कुठलीही शहाणी बाई करील तेच तिनं केलं. लसूण, मीठ, मूठभर मिरच्या.

"आत्ती, चटणी झाली. भाकरी टाकू?"

"अगं भवाने, तो माझा गुडघा व्हता!"

"आता काय करू वो?"

आजीनं बोटानं चाखली. "मीठ कमी हाय," म्हणाली, आणि लुगडं वर करून गुडघ्याला फासली.

नागेश धावत आला. "आये, येड लागलं काय? धू आधी ते!"

"न्हाई धुत. उरलीय ती तू खा."

गुडघा लालभडक झाला. आजीनं शिव्या घातल्या. मराठीतल्या संपल्यावर कन्नडमधल्या काढल्या. मग काठी भिंतीला टेकवली, ती तिथंच ठेवली आणि जंगलवाट धरली. मागून नागेश पाण्याची बाटली घेऊन, "बस की गं जरा," करत. वाटेत दोनदा तोच बसला.

उळवीत देवळासमोर लसणाच्या वासाची एक म्हातारी ताठ उभी होती. ती आपली आई नव्हेच, असं नागेश मिशी चाचपत भेटेल त्याला सांगत होता.

घरी आल्यावर आजीनं रक्षिताला समोर बसवलं. "लिही. दवाखान्याच्या मोठ्या सायबास्नी."

"महोदय, मी उळवीला गेले नव्हते. परत येताना गुडघा दुखला नाही. तरी सदर चटणी सरकारी औषधांत घ्यावी, रुग्णास सोबत दोन भाकऱ्या द्याव्यात, आणि माझा मुलगा नागेश यास पुढील जत्रेपर्यंत सक्तीचा आराम लिहून द्यावा, ही नम्र विनंती."