नावाची जागा

हार लांब झाला होता. तुळशीरामांनी तो फोटोवरून उतरवला, मागून दोऱ्याला गाठ मारली आणि पुन्हा चढवला. आता कांताबाईंची हनुवटी दिसू लागली. दोन पावलं मागं जाऊन त्यांनी पाहिलं, फोटो किंचित सरकवला, खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर पडलेली कारखान्यांची काळी भुकटी झटकली आणि माइकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणाले. हिंदी मुलखातल्या बीरगांवच्या त्या लहानशा विहारात हे सगळं त्यांनी इतक्यांदा केलं होतं, की आजचा फोटो आपल्याच बायकोचा आहे याचं त्यांच्या हातांना काही वाटलं नाही.

"बाबा, हे तुम्ही काहून करून राहिले?" दीक्षा म्हणाली. ही त्यांची थोरली, शहरात तेलीबांध्याला राहणारी. सकाळपासून विहारात उभी होती. "दुसरं कोणी नाही काय?"

"दुसऱ्याले माइक समजत नाही."

"मी माइकचं नाही बोलून राहिली."

तुळशीरामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. या वयात ती सोय असते.

रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले तुळशीराम हे वस्तीचे बौद्धाचार्य. लग्न असो, बारसं असो की मयत, विधी लावायला तेच. माणूस गेला की काही दिवसांत पुण्यानुमोदन व्हायचं. वस्ती जमायची, त्रिशरण-पंचशील व्हायचं, गेलेल्याबद्दल लोक चार शब्द बोलायचे आणि जेवून घरी जायचे. दुसऱ्यांच्या घरचं हे काम त्यांनी कधी टाळलं नाही. स्वतःच्या घरचं मात्र चार वर्षं टाळलं. आधी साथीमुळं जमायला बंदी होती, मग अंगात ताकद नव्हती, मग ऊन फार, मग विहाराचं छत गळतंय. छत दुरुस्त झाल्यावर दीक्षानं तारीखच ठरवून टाकली.

खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कांता गेली तेव्हा त्यांना रडू आलं नव्हतं. त्यानंतरही आलं नाही. दीक्षानं एकदा जबरदस्तीनं मनाच्या डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नींद आती है?" त्यांनी सांगितलं, "भरपूर." भूक? भरपूर. रडू येत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जातं का, असं म्हणत ते परत आले, आणि रिक्षात बसल्यावर त्यांना वाटलं, विचारलं असतं तर सांगितलं असतं. कांताचं पुण्यानुमोदन आपण दुसऱ्या कोणाचंही लावतो तसंच लावू, याची त्यांना धास्ती होती.

अन् या न रडण्यात वस्तीचाही काही गुण होताच. साथीच्या पहिल्या वर्षी सगळे घाबरले होते, पण जिवंत होते. कोणी शिंकलं तरी शेजारच्या खिडक्या लागायच्या. त्या वर्षी वस्तीतल्या दिवाकरचे वडील गेले, साध्या म्हातारपणानं, तर सगळा पारा, अख्खा मोहल्ला, आपापल्या गच्चीवर मेणबत्त्या घेऊन उभा राहिला होता, आणि रस्त्यात एकटे उभे राहून वंदना म्हणणाऱ्या तुळशीरामांना चहूबाजूंनी हुंदके ऐकू येत होते. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ते रडणंही गेलं. लोक फोन करायचे, स्मशानातूनच. "काका, थोडं लवकर घ्या, मागं लाइन आहे." तुळशीराम पलंगावर बसून फोनवर त्रिशरण सांगायचे. एक संपला की दुसरा. शेवटी घसा बसला तेव्हा त्यांनी एका दुपारी सगळा विधी मोबाइलवर म्हणून ठेवला आणि ज्याला हवा त्याला पाठवू लागले. बाई असो की बाप्या, सगळ्यांना चालेल अशी वाक्यं निवडली. "मनमिळाऊ स्वभाव आणि कष्टाळू वृत्ती यांमुळे सर्वांच्या कायम स्मरणात राहतील." त्याआधी "दिवंगत" म्हणून ते थोडे थांबले होते. तिथं घरच्यांनी नाव घ्यायचं.

तेच रेकॉर्डिंग आसपासच्या वस्त्यांत, उरळ्यापासून भनपुरीपर्यंत फिरलं. कांताबाई गेल्या तेव्हा तुळशीराम स्वतः तापानं फणफणलेले, दीक्षा तेलीबांध्याला अडकलेली. धाकटा यशदीप एकटाच स्मशानात गेला आणि त्यानंही तेच लावलं.

पुढं विहार उघडला, लोक येऊ लागले. यायचे, बसायचे, जेवायचे आणि निघायचे. कोण कशानं गेलं हे विचारायचं बंद झालं. सगळ्याला मिळून "उस टाइम" म्हणू लागले. भावाच्या मयतीला डोळ्यातून टिपूस न काढणारा दिवाकर नव्या स्कूटरला ओरखडा पडला म्हणून भर रस्त्यात बसून रडला, आणि लोकांनी त्याची टिंगल केली. तुळशीरामांनी केली नाही. त्यांना हेवा वाटला. स्वतःचं म्हणावं तर ते अजून रेकॉर्डिंगमधलीच वाक्यं म्हणत होते. प्रत्येकाच्या मयतीला तीच, मनमिळाऊ आणि कष्टाळू. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अकरापर्यंत विहार भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वर गरगर फिरणारे पंखे. शेजारची विमला पुढच्याच रांगेत येऊन बसली, याचं बायकांना नवल वाटलं. कांताबाई आणि विमला यांचा नळावरून उभा दावा होता. यशदीप दाराजवळ, चपलांपाशी उभा होता. उरळ्याच्या प्लांटमधून रात्रपाळी करून तो तसाच आला होता. आईच्या फोटोकडं त्यानं आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"यश, समोर ये नं," दीक्षानं हाक मारली.

"ठीक हूँ इधर."

घरात मराठी कानावर पडायचं आणि उत्तर हिंदीतून निघायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं.

तुळशीरामांनी मेणबत्ती लावली, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. आवाज स्वच्छ लागला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, लोक मागोमाग म्हणत गेले. कुठं अडखळायला झालं नाही. बघा किती घट्ट माणूस आहे, अशा नजरा त्यांना दिसत होत्या आणि त्या नजरांची त्यांना लाज वाटत होती. धास्ती होती तसंच चाललं होतं.

"आज आपण सर्व जण इथं जमलो आहोत," ते म्हणाले, "ते दिवंगत..."

आणि थांबले.

पुढच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. चार वर्षांनी का होईना, तुळशीरामभाऊंचा गळा दाटून आला, असं सगळ्यांना वाटलं. दीक्षा पाण्याचा पेला घेऊन उठली.

गळाबिळा काही दाटला नव्हता. ते नुसते थांबले होते. इथं घरच्यांनी नाव घ्यायचं असतं, म्हणून ते घरच्यांची वाट पाहत होते. वाट पाहता पाहता त्यांनी समोर नजर फिरवली. घरचं कोण आहे ते शोधलं.

"कांताबाई," दाराजवळून आवाज आला.

यशदीप दोन पावलं आत आला होता.

"कांताबाई तुळशीराम," तो पुन्हा म्हणाला, जरुरीपेक्षा मोठ्यानं. "उस दिन रह गया था, बाबा."

"काय राहिलं?" तुळशीरामांनी माइकमधूनच विचारलं.

"आपकी रिकॉर्डिंग लगाई थी. हाथ में दस्ताने थे, फोन फिसल गया. उठाया तब तक आप आगे निकल गए थे." तो खाली, चपलांकडं पाहत बोलत होता. "आई का नाम ही नहीं आया. फिर से लगाता, तो पीछे लाइन थी."

पुढचं वाक्य तुळशीरामांच्या जिभेवर तयारच होतं, आणि ते सवयीनं बाहेर पडलं.

"मनमिळाऊ स्वभाव आणि..."

त्यांनी फोटोकडं पाहिलं.

"नव्हती," ते म्हणाले. "मनमिळाऊ नव्हती ते."

मागं कोणीतरी खाकरलं. मग पुढच्या रांगेतून विमलाचं हसू फुटलं.

"हव," ती म्हणाली. "मले नळावर एक दिवस चैन पडू दिलं नाही तिनं. माही बादली उचलून फेकून द्यायची. एवढी मोठी बादली..." हातानं बादलीचा आकार दाखवता दाखवता ती थांबली. हात तसेच हवेत राहिले आणि तोंड वेडंवाकडं झालं.

तुळशीरामांनी पुढचं वाक्य शोधलं. ते सापडेना. मागचंही आठवेना. शेकडो वेळा म्हटलेलं सगळं एका फटक्यात पुसून गेलं होतं, आणि समोर भरलेला विहार त्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्यांना भीती वाटली. कितीतरी दिवसांनी त्यांना काही वाटत होतं. ती भीतीच होती, पण खरी होती.

त्यांनी माइक स्टँडवरून काढला. लोकांनी पाय आखडून वाट दिली. चादरीवरून चालत ते दाराशी गेले आणि माइक यशदीपच्या पुढं धरला.

"मुझे नहीं आता, बाबा."

"जेवढं येते तेवढं म्हण."

"और आप?"

"माह्याच्यानं होत नाही आज," तुळशीराम म्हणाले. "मी घरचा आहो."

दीक्षानं सरकून जागा केली. भिंतीचा आधार घेत ते तिच्या शेजारी खाली बसले.