अठ्ठावन्न वेळा आलेली दक्षा

मी लॉग बोलतोय, एका वेबसाइटच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणारी फाइल. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाबाहेर चपला सांभाळणारे बसतात ना, तसंच माझं काम. चेहरा दिसत नाही, चपला तेवढ्या ओळखतो. कुठला मोबाइल आला, किती वाजता आला, काय मागितलं, काय मिळालं, एवढं एका ओळीत लिहायचं आणि गप्प बसायचं.

डहाणू रोडला मुलींचं वसतिगृह चालवणारी एक संस्था आहे. चार वर्षांपूर्वी तिथल्या उमेशने वेबसाइट उभी केली, तेव्हा मी जन्मलो. उमेश हुशार, पण मला कधी उघडून पाहायचा नाही. सगळं सुरळीत असलं की लिहिणाऱ्याला कोण विचारतो? मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

वेबसाइटला दोन नावं होती. एक संस्थेचं, ते डहाणूतले लोक वापरत. दुसरं नुसतं प्रवेशाच्या फॉर्मचं. तलासरीच्या पाड्यांवर ते भिंतीभिंतींवर गेरूने रंगवलेलं होतं आणि तिकडे त्याला 'भिंतीवरचं नाव' असंच म्हणत. दोन्ही नावांनी येणारा माणूस माझ्याच दाराशी यायचा.

यंदा उमेशने वेबसाइट नव्या मशीनवर हलवली. मशीन बदललं की नावापुढचा पत्ताही बदलावा लागतो. कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर, हे सांगणारी इंटरनेटची यादी असते, तिला डीएनएस म्हणतात. उमेशने संस्थेच्या नावापुढे नवा पत्ता लिहिला, तेच नाव टाकून पाहिलं, साइट झटकन उघडली आणि गडी चहाला गेला. भिंतीवरचं नाव त्याने स्वतः कधी वापरलंच नव्हतं, ते त्याला आठवलंही नाही. मी जुन्या मशीनवर राहिलो. तिथला फॉर्म काढून टाकलेला, मशीन मात्र महिनाभर चालू ठेवलेलं.

दोन दिवसांनी एक मोबाइल माझ्या दाराशी आला. फॉर्म मागितला. मी लिहिलं, ४०४, म्हणजे इथे असं काही नाही. तो पुन्हा आला. पुन्हा ४०४. तीन दिवस हेच चाललं. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि दुसऱ्या दाराकडे बोट दाखवायला मला हात नाहीत.

तो मोबाइल दक्षाचा होता. पाड्यापाड्यावर जाऊन मुलींचे फॉर्म भरायचं काम तिचं. रेंज टेकडीवर मिळते, म्हणून ती आयांना आणि मुलींना घेऊन टेकडी चढायची. बारा मुली होत्या. फॉर्म उघडत नाही म्हणून तिने उमेशला फोनही केला. माझ्याकडे तर उघडतोय, तिकडे नेटवर्क नसेल, असं म्हणून त्याने तो ठेवून दिला.

शेवटच्या तारखेला पाड्यांवरून एकही फॉर्म आलेला नव्हता. संस्थेच्या पुष्पाताईंनी दक्षाला डहाणूला बोलावलं. उमेशने नव्या मशीनचा लॉग दाखवला. त्यात दक्षाचा मोबाइल एकदाही नव्हता. ती पाड्यावर गेलीच नाही, असा अर्थ निघाला. बारा मुलींचं वर्ष जाणार आणि दक्षाची नोकरीही.

"मी गेलेली, ताई. रोज गेलेली," दक्षा म्हणाली आणि तिथल्या तिथे मोबाइलवर भिंतीवरचं नाव टाकलं. ४०४.

उमेशला ते नाव आत्ता आठवलं. त्याने पत्ता शोधून देणाऱ्या टूलमध्ये ते नाव घातलं. उत्तरात जुना पत्ता आला. मग चार वर्षांत पहिल्यांदा त्याने मला उघडलं.

अठ्ठावन्न ओळी. तो हळू आवाजात वाचायला लागला. "सोमवार, सकाळी सात बारा."

"तेव्हा जानी होती सोबत, तिच्या पोरीचा फॉर्म."

"आठ पाच."

"भिकीची धाकली. ती शाळेचा ड्रेस घालून आलेली."

एकेक ओळ तो वाचत गेला आणि एकेक मुलीचं नाव ती सांगत गेली. मी नुसत्या चपला लिहिल्या होत्या, चेहरे मला त्या दिवशी कळले. विसाव्या ओळीला उमेशने वाचणं थांबवलं. माझं चुकलं, म्हणाला. दक्षाने मान हलवली. "ताईंना पण ऐकू जाईल असं मोठ्याने वाच. सगळ्या ओळी."

पुष्पाताईंनी सगळ्या ओळी ऐकल्या आणि तारीख दोन दिवसांनी वाढवली. उमेशने भिंतीवरच्या नावापुढे नवा पत्ता लिहिला, आणि या खेपेला दक्षाच्या मोबाइलवर फॉर्म उघडेपर्यंत तो जागचा हलला नाही. बाराही फॉर्म भरले गेले.

आता माझं मशीन बंद व्हायचं आहे. दक्षाने त्या अठ्ठावन्न ओळी छापून मागितल्या. परत कोणी विचारलं तर जवळ असू दे, म्हणाली. तिच्या शब्दाला अजून पुरावा लागतो, हे मला लागलं.

माझं मागणं एवढंच. कोणी आलं नाही, असं म्हणायच्या आधी ते कुठल्या दाराशी उभं होतं तेवढं बघा. तीन दिवस झाले, माझ्याकडे कोणी आलेलं नाही. पान कोरं आहे, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटतंय.