पंजाबरावांच्या नावाचा चिमटा

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतलं प्रत्येक हत्यार कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या नावाने ओळखलं जातं आणि त्या साहेबांत वाशीमचा एकही नाही, हे डॉक्टर पंजाबरावांच्या जिवाला फार लागलं होतं. म्हणून चौऱ्याहत्तर साली त्यांनी घड्याळाच्या स्प्रिंगचं पोलाद घासून एक चिमटा केला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पातळ पापुद्रा धरतो, पडदा न फाडता तो उचलण्यासाठी. नागपूरचे मोठे सर्जन रविवारी चिमटा पाहायला येणार होते. पटला, तर मुंबईच्या परिषदेत तो नावानिशी मांडणार होते. नाव अर्थात पंजाबरावांचं.

अडचण एकच होती. घरात आई होती.

आवडाबाईंच्या मते चिमटा काटे काढायला असतो, आणि ज्याच्या घरी चांगला चिमटा, त्याच्या ओट्यावर अख्ख्या गल्लीचा हक्क. पंजाबराव जेवायला बसले, की ओट्यावर बाभळीचे काटे निघत. टोकं वाकत. पंजाबराव पुन्हा घासत बसत.

"माय, हे डोळ्याचं हत्यार हाय!"

"मंग? डोळ्यालेच दिसते ना काटा?"

रविवारी सर्जन आले. ताटलीत बोकडाचे डोळे मांडलेले, त्यांच्या पडद्यावर अंड्याचा पापुद्रा चिकटवलेला. सगळं होतं, चिमटा नव्हता. तो आवडाबाईंसोबत मेडशीला गेला होता. सर्जन चहा पीत राहिले. बोकडाचे डोळे छताकडे बघत राहिले.

दुपारच्या एसटीने आवडाबाई शेजारच्या लिलाबाईला घेऊन परतल्या. "हिच्या भाच्याच्या, चंपतच्या पापणीतलं कुसळ काढलं. घे, आज डोळ्याचंच काम केलं, आता बोलू नोको!"

कुसळाला जोर लागत नाही, म्हणून टोकं शाबूत होती. पंजाबरावांनी चिमटा उकळला, भिंगाखाली श्वास रोखला आणि पापुद्रा अख्खा उचलला. पडद्यावर ओरखडासुद्धा नाही.

"वा!" सर्जनांनी पेन उघडलं. "काय म्हणायचं याला?"

पंजाबरावांनी विनयाने मान खाली घातली. विनयाचा त्यांनी आठवडाभर सराव केला होता. तेवढ्यात दारातून लिलाबाई म्हणाली, "आवडाबाईचा चिमटा! मेडशीपासून कामरगावपरेंत सारे हेच म्हणतात."

सर्जनांनी लिहून घेतलं. "आवडाबाई कोण?"

"आई," पंजाबराव पुटपुटले. "पण सर, ते..."

"आईचं नाव दिलंत!" सर्जनांचा आवाज भरून आला. "आजकाल कोण देतं हो?"

"माह्यं नाव कायले लिवता, सायेब?" आवडाबाई म्हणाल्या. "लेकानं केला, त्याचं लिवा."

पंजाबरावांनी आशेने मान वर केली.

"अशी आई अन् असा मुलगा!" म्हणत सर्जनांनी डोळे पुसले आणि आवडाबाईंच्या नावाखाली जाड रेघ ओढली.