नंबर माझा, पेपर भलत्याचा

मित्रांनो, आर्णीच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दहा नंबरच्या कॉम्प्युटरच्या पोटात बसलेलं मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. एरवी आम्ही मुकाट्यानं राबणारे. पण मला माणसांची शिसारी आली आहे, म्हणून बोलतोय.

मी म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. कारखान्यात माझ्यात बारा अक्षरांचा एक नंबर भरला. तो जगात दुसऱ्या कुणाला देत नाहीत. कॉम्प्युटरनं बाहेर काही विचारलं की उत्तर त्याच नंबरावर येतं, जसं टपाल पत्त्यावर येतं. मला त्याचा भारी अभिमान होता.

मालक उकंडा सर सुरुवातीला म्हणायचे, "हे कार्ड म्हणजे घोडा आहे घोडा!" पुढे घोड्याला कोण विचारतो? सर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे आणि बोटं माझ्या पेटीला पुसायचे. बाजूच्या भिंतीवर पिचकारी. फटीतून सुपारीचा भुगा आत. थू! आठवलं तरी किळस येते.

एकटी नाजिया बरी. बसस्टँडजवळ गाड्या दुरुस्त करणाऱ्या नजीर मिस्त्रीची ही मुलगी. रोज दोन तास माझ्यावर सराव करायची, आणि बसण्याआधी पेटी पुसायची. टायपिंगची परीक्षा पास झाली तर लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. त्या एका कागदासाठी पोरीनं बोटांची सालं काढली होती.

परीक्षेचा नियम साधा होता. नोंदवलेल्या दहाच कॉम्प्युटरवर पेपर उघडायचा, आणि ओळख पटायची ती कार्डाच्या नंबरावरून. पण सरांनी आतल्या खोलीत एक लॅपटॉप लावला आणि दुसऱ्याच्या नावानं पेपर टाइप करायला एक पटाईत माणूस बसवला. अकराव्याला नंबर कुठून आणणार? त्या लॅपटॉपला माझाच नंबर चिकटवला. कोपऱ्यातलं जुनं कार्ड, त्याला कोण विचारतंय!

परीक्षा सुरू झाली आणि माझं टपाल भलत्याच्या दारात पडू लागलं. मी हाक मारायचो, उत्तर त्या लॅपटॉपला जायचं. नाजियाचा पडदा थिजायचा. ती कावरीबावरी होऊन हात वर करत होती, आणि मी आतल्या आत जळत होतो. दुसऱ्याचं उष्टं खाणारे पाहिले होते. दुसऱ्याचं नाव पांघरून बसणारा पहिल्यांदा पाहिला.

एका नंबरावर दोन पेपर दिसताच निरीक्षक दीपा मॅडम उठल्या. त्यांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहून प्रत्येक कॉम्प्युटरकडून कार्डाचा पत्ता मागवला. दहा नंबरचा आणि लॅपटॉपचा पत्ता एकच निघाला.

उकंडा सर ताडकन म्हणाले, "मॅडम, नोंदणीतला दहावा तो लॅपटॉपच, असली नंबर त्याचाच आहे. या पोरीनं चोरून आपल्या कॉम्प्युटरले लावला. चोट्टी आहे!"

साऱ्या मुलांसमोर म्हणाले. नाजियाचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, मले तर हे येतबी नाई," एवढंच ती म्हणाली. खोटी ठरली असती तर तीन वर्षं परीक्षेला बंदी होती.

मी ओरडत होतो, पण ऐकणार कोण? प्रोग्रामनं मला विचारलंच नव्हतं. त्यानं वरच्या सिस्टीमला विचारलं, आणि सिस्टीमला जो पत्ता पढवाल तो ती खुशाल सांगते.

निरोप मिळाला तसे नजीर मिस्त्री ऑइलच्या हातांनी धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही गाडीची नंबरप्लेट पाहून राह्यल्या. प्लेट तर कोनीबी बदलते. चोरीची गाडी आली तर आमी चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेला नंबर पाहतो. याले चेसी नाई का?"

मॅडम पुन्हा कीबोर्डकडे वळल्या. "आहे, चाचा," त्या म्हणाल्या. "मीच विचारला नाही."

त्यांनी प्रोग्रामात एकच शब्द वाढवला. आता दोन रकाने आले: लावलेला पत्ता आणि कारखान्यातला पत्ता. माझे दोन्ही सारखे. लॅपटॉपच्या पहिल्या रकान्यात मी, आणि दुसऱ्यात भलताच कोणी! इतक्या वर्षांत मला थेट कोणी पहिल्यांदाच विचारलं, मित्रांनो.

आतला पटाईत मागच्या दारानं पसार झाला. मॅडमनी लॅपटॉप जप्त केला आणि नाजियाचा पेपर पुन्हा घ्यायचं लिहून दिलं. उकंडा सर लगेच लोण्यासारखे मऊ. "जाऊ दे बेटी, घरातलीच गोष्ट आहे, होते कधी कधी." त्या गोडव्याची मला पिचकारीपेक्षा जास्त ओकारी आली.

नाजिया जागची हलली नाही. "सर, चोट्टी म्हनलं ते साऱ्यांसमोर म्हनलं. आता नाई म्हनाचं तेबी साऱ्यांसमोरच म्हना."

सर जमिनीकडे पाहून काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाई आलं, सर," नजीर मिस्त्री म्हणाले.

मग सरांना मान वर करून, मोठ्यानं म्हणावं लागलं.

मित्रांनो, मला पुसा, न पुसा, माझे थोडेच दिवस राहिलेत. पण कुणाला चोर म्हणायच्या आधी त्याला स्वतःला एकदा विचारा. आणि म्हणून बसलाच असाल, तर माफीसुद्धा तेवढ्याच मोठ्यानं मागा.